सुप्याचा दंगा, १८७५: राग कर्जखतांवरच का निघाला?

पुणे जिल्ह्यातला तेव्हाचा भीमथडी तालुका; त्यातला सुप्याचा भाग आज बारामती तालुक्यात येतो. तिथलं सुपे हे मोठ्या बाजाराचं गाव. १२ मे १८७५ ला बुधवार होता आणि बाजारही. आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी एकत्र जमले, त्यांनी गुजर सावकारांची घरं-दुकानं गाठली, वह्या आणि कर्जाची खतं मागितली आणि हाती लागली तेवढी रस्त्यात आणून पेटवली. धान्याची दुकानं लुटली गेली, कापडही जळालं. शनिवारी जिल्हा मॅजिस्ट्रेट गावात पोचला तेव्हा राखेचे ढीग रस्त्यात तसेच होते. त्याने वर कळवलेला हिशोब असा: एका सावकाराचं घर जळालं, डझनभर घरं फोडून पार रिकामी केली, ५० जण पकडले, सुमारे २,००० रुपयांचा माल परत मिळाला. नुकसान त्याच्या अंदाजाने २५,००० रुपयांच्या वर, सावकारांच्या म्हणण्याप्रमाणे लाखाच्या वर.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत असेच प्रकार घडले. सुमारे ६,५०० चौरस किलोमीटरचा मुलूख हलला. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात आणि शाळेत आपण त्याची कारणं ओळीने पाठ केलेली असतात: अमेरिकेतलं यादवी युद्ध, कापसाचे भाव, वाढलेला सारा (म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर), सावकारी.

या यादीने दंगा का झाला ते थोडंफार कळतं. पण तो असाच का झाला, हे कळत नाही. सारा सरकारने वाढवला होता, मग कचेऱ्या का जळल्या नाहीत? कर्ज ब्राह्मण सावकारांचंही होतं, मग मार मारवाडी-गुजरांनाच का? आणि एवढा राग होता तर माणसं का मारली गेली नाहीत? माझं म्हणणं असं की आर्थिक संकटाने रागाला इंधन पुरवलं. तो कुणावर निघावा आणि कुठे थांबावा, हे गावात आधीपासून रुजलेल्या न्याय-अन्यायाच्या कल्पनांनी आणि सरकार कुणाच्या बाजूने आहे याबद्दलच्या समजाने ठरवलं.

संकट कोणतं?

आधी कापसाची गोष्ट. १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटलं. त्याआधी ब्रिटनला लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी तीन-चतुर्थांश तिथून येई. तो आटला आणि मुंबईचं भाग्य उघडलं. कापसाचा भाव चढला, मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी खेड्यातल्या सावकारांना पैसे पुरवले, सावकारांनी शेतकऱ्यांना हवं तेवढं कर्ज दिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि पैशाचा ओघ वरपासून खालपर्यंत आटत गेला.

गोष्ट खरी आहे, पण सुप्याला ती तितकीशी लागू पडत नाही. कापूस पिकायचा तो खानदेशात आणि वऱ्हाडात. भीमथडी, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे हा ज्वारी-बाजरीचा, कमी पावसाचा मुलूख. इथे कापसापेक्षा रेल्वेच्या कामाची मजुरी आणि धान्याचे चढे भाव यांतून पैसा आला होता. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, कामं संपत गेली, पुढच्या दशकात धान्याचे भावही उतरले. म्हणजे चढ आणि उतार इथेही होता, फक्त पाठ्यपुस्तकात दिसतो तितका सरळ मँचेस्टरच्या कापडगिरण्यांशी जोडलेला नव्हता.

मग सारा. गोल्डस्मिड आणि विन्गेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ पासून इंदापुरातून सुरू केलेली जमीनमोजणी आणि तिच्यावर ठरलेला सारा ३० वर्षांसाठी होता. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरातच फेरपाहणी सुरू झाली. चढ्या भावांच्या काळात ठरलेला हा नवा आकार अनेक गावांत ५० ते १०० टक्क्यांनी वाढला, आणि भरायची वेळ आली तेव्हा भाव पडलेले होते. पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे त्यात पुढे होते.

इथे एक अडचण आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. दंगा झालेल्या गावांपैकी जास्त गावं नगर जिल्ह्यातली होती, आणि नगरची फेरपाहणी तोवर झालेलीच नव्हती. तिथला सारा जुनाच होता. म्हणजे साऱ्याची वाढ हे सरळ कारण धरलं तर दंगा इंदापुरात सर्वांत जोरात व्हायला हवा होता आणि श्रीगोंद्यात होताच कामा नये होता. प्रत्यक्षात तसं घडलं नाही.

कागद

पेशवाईतही सावकार होता, व्याजही जबर होतं. पण वसुलीसाठी त्याला गावातच राहावं लागे, पंचायतीपुढे जावं लागे, पाटलाची मर्जी सांभाळावी लागे. कुळाला पार बुडवणं त्याला परवडणारं नव्हतं. कंपनी सरकारने दोन गोष्टी एकदम केल्या: जमीन शेतकऱ्याच्या नावावर लावून ती विकण्याजोगी केली, आणि सावकाराच्या हाती दिवाणी कोर्ट दिलं. हे जुळून काय होणार, याचा इशारा खुद्द विन्गेटनेच १८५२ मध्ये दिला होता. त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याची कथा तर उफराटी आहे. जुन्या कर्जाचं व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये म्हणून साध्या कर्जरोख्याची मुदत ३ वर्षं केली. सावकारांनी यातून सोपी वाट काढली. दर ३ वर्षांनी मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल धरायचं, नवं खत लिहून घ्यायचं आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. पावती मिळत नसे. दावा लागला तर शेतकरी तालुक्याच्या कोर्टात जातच नसे, कारण लांबचा पल्ला, खर्च आणि धास्ती. मग एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा कोर्टाचा आदेश, होई. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या शेतकऱ्याने नगरच्या कलेक्टरला केलेल्या अर्जात हीच तक्रार आहे: घरखर्च भागत नाही, म्हणून पैसा, कापड, धान्य यांसाठी सावकाराच्या दारी जावं लागतं आणि तो जाचक अटींचं खत लिहून घेतल्याशिवाय काही देत नाही.

या अर्जात कर्ज बुडवण्याची भाषा नाही. कर्ज घेणं, व्याज देणं, हे सगळं रीतीचंच मानलेलं आहे. तक्रार आहे ती रीत मोडल्याची. चांगल्या-वाईट काळात कुळाला सांभाळून घेणं हे सावकाराचं काम, आणि पीक त्याच्या घरी घालणं हे कुळाचं, असा तो अलिखित करार होता. १८७० नंतर पैसा आटला तसं सावकारांनी साऱ्यासाठी पैसे देणं नाकारायला सुरुवात केली. पीक सगळं सावकाराच्या घरात आणि साऱ्याचा तगादा मात्र शेतकऱ्याच्या दारात, अशी गत झाली. सावकाराच्या बाजूने पाहिलं तर त्यालाही वरून पैसा मिळत नव्हता आणि जुनी येणी बुडीत दिसत होती. पण गावाच्या नजरेत करार त्याने मोडला होता.

म्हणून आग कागदाला लागली. दंग्यानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेच नोंदवलं आहे की खतं, वह्या आणि हुकूमनामे मिळवून ते नष्ट करणं हाच जवळपास सगळीकडे जमावाचा हेतू होता. सावकाराने ती मुकाट्याने दिली तर बहुधा पुढे काही झालं नाही, दार लावून बसला तर धाकदपटशा आणि मारहाण झाली. सुप्यात मालाची लूट झाली, ती त्या मानाने अपवादच. एका सावकाराचं नाक कापलं गेलं, एकाला जळत्या घरातून शेजाऱ्यांनी बाहेर काढलं, अशा घटना आहेत. पण एवढ्या गावांत, एवढ्या रागात, गंभीर शारीरिक हिंसा इतकी कमी कशी, याचं सरकारी अधिकाऱ्यांनाही नवल वाटलं.

आधी बहिष्कार

दंगा एका दिवसात पेटला असं सुप्यापासून वाचायला लागलं की वाटतं. त्याआधी महिनाभर नव्हे, हिवाळ्यापासून वेगळंच काही चालू होतं.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस एका मारवाडी सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख या गावातल्या वजनदार माणसाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. रक्कम मोठी नव्हती. पण देशमुखाचं घर पाडणं म्हणजे साऱ्या गावाच्या तोंडात मारणं होतं. गावाने सावकारांना वाळीत टाकलं. त्यांची शेतं कसायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत, घरी पाणी भरायचं नाही, दुकानातून काही घ्यायचं नाही. शेजारच्या गावांनी कित्ता गिरवला. इंदापूर तालुक्यात कळसच्या गावकऱ्यांनी तर तसा लेखी ठरावच केला, आणि जो सावकाराचं काम करील त्यालाही वाळीत टाकायचं ठरवलं.

हिंसेचा अभ्यास करणाऱ्यांनी या टप्प्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं. जातीच्या आणि गावकीच्या बंधनाचं जे हत्यार एरवी गावातल्याच दुबळ्यावर चालायचं, ते इथे सावकारावर चाललं. त्यातून तीन गोष्टी झाल्या. कोण आपला आणि कोण परका याची रेघ स्पष्ट आखली गेली. एकत्र यायची सवय लागली. आणि सावकार एकटा पडलाय, पोलीस काही धावून येत नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं. काही सावकार चंबूगबाळं उचलून तालुक्याच्या गावी गेले. जे राहिले त्यांच्यावर मे महिन्यात पाळी आली.

परका कोण?

आयोगाच्या अहवालातली एक नोंद अभ्यासकांनी वारंवार उद्धृत केली आहे: ज्या गावांत मारवाड्यांबरोबर ब्राह्मण वा इतर जातींचे सावकारही होते, तिथे त्रास बहुधा मारवाड्यांनाच झाला. व्याजाचा दर पाहून हा फरक समजत नाही. ब्राह्मण सावकार दयाळू होता असं मानायला आधार नाही. पण तो गावचा कुलकर्णी असे किंवा जोश्याचा भाऊबंद असे, त्याचं वतन गावात, लग्नकार्य गावात, आणि उद्या वाळीत टाकला तर जाणार कुठे? मारवाडी आणि गुजर बाहेरून आलेले, बोली वेगळी, देव वेगळे, चार पैसे झाले की मारवाडात परतणार अशी समजूत. गावाच्या निंदेची त्यांना भीती नाही, असं लोक म्हणत.

यात खऱ्या अनुभवाचा अंश होता आणि निव्वळ पूर्वग्रहाचाही. पूर्वग्रह फक्त गावकऱ्यांचा होता असंही नाही. ‘लबाड मारवाडी आणि भोळा कुणबी’ ही जोडी इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात दंग्याच्या कितीतरी आधीपासून सापडते. साहेबाला ती सोयीची होती, कारण तिच्यात साऱ्याचा उल्लेख येत नाही. आता कलेक्टरच सावकाराला शिव्या देतो हे गावाला दिसत असेल, तर गावाने काय अर्थ काढावा?

तो कसा काढला, हे त्या वेळच्या एका अफवेतून दिसतं. एका साहेबाची इस्टेट मारवाड्याने कर्जापोटी लिलावात काढली, साहेबाने थेट राणीकडे अर्ज केला आणि राणीने हुकूम पाठवला की मारवाड्यांनी सगळी खतं परत करावीत, अशी ती अफवा. स्थानिक अधिकाऱ्यांनी तो हुकूम दडवलाय, किंवा आपण खतं घेतली तर ते मधे पडणार नाहीत, अशी समजूत पसरली. बंगालात १८५९-६० च्या निळीच्या उठावातही रयतेला सरकार आपल्या बाजूचं आहे असं वाटत होतं.

अफवा खोटी होती, पण दंग्याची शिस्त तिच्यातून कळते. राणीचा हुकूम बजावणारा माणूस खत मागतो, मिळालं की घरी जातो. तो मामलेदार कचेरी जाळत नाही. वाढलेला सारा सरकारचा आहे हे शेतकऱ्याला कळत नव्हतं असं समजणं त्याला भोळा ठरवणं होईल. त्याला ते चांगलं कळत होतं. पण त्या वर्षी त्याच्या हिशोबात सरकार हा फिर्याद ऐकणारा होता आणि सावकार हा आरोपी. १८७४ च्या अखेरीस मुंबई सरकारने साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घातली, तीही या समजाला पूरकच ठरली असणार.

सरकारने काय वाचलं

पुण्याहून फौज निघाली, गावांत जादा पोलीस ठाणी बसली आणि त्यांचा खर्च गावकऱ्यांवरच टाकला गेला. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ जणांना अटक झाली, त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा. उरलेले बरेचसे पुराव्याअभावी सुटले, कारण साक्ष द्यायला माणूस मिळेना. सप्टेंबरमध्ये पार साताऱ्याकडे कोकरूडला एका गुजराच्या घरावर जमाव चालून गेला, कागद नष्ट झाले, आणि प्रकरण विझलं.

मुंबई सरकारला हे फार गंभीर वाटलं नव्हतं. १८५७ ची आठवण ताजी असलेल्या हिंदुस्थान सरकारने आग्रह धरला, म्हणून चौकशी आयोग नेमला गेला. त्याने नगर जिल्ह्यातली १२ गावं तपासली, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आढळले आणि त्यांचं सरासरी कर्ज त्यांच्या साऱ्याच्या १८ पट निघालं. निष्कर्ष मात्र अपेक्षित होता: दोष सावकाराचा आणि कोर्टाच्या कायद्यांचा, साऱ्याचा नाही. आयोगातलाच एक सदस्य, ऑकलंड कॉल्व्हिन, याने वेगळं टिपण जोडून साऱ्याच्या बोज्याकडे बोट दाखवलं. त्याच्या टिपणाला जितकं वजन मिळायला हवं होतं तितकं मिळालं नाही.

दुष्काळाची कसोटी

या प्रकरणाला लागूनच एक कसोटी आपोआप मिळते. दंग्यानंतर वर्षभरात, १८७६ मध्ये, पाऊस गेला आणि दख्खनवर त्या शतकातला अत्यंत भीषण दुष्काळ कोसळला. मुलूख तोच, सावकार तेच, कर्ज तेच, आणि संकट कितीतरी पट मोठं. हाल जितके जास्त तितका दंगा मोठा, हे खरं असतं तर १८७७ मध्ये सगळा दख्खन पेटायला हवा होता. चोऱ्या-दरोडे वाढले, धान्याची लुटालूट झाली, पण खतं जाळण्याची १८७५ सारखी लाट आली नाही.

उपाशी माणसाला उठता येत नाही, हे त्यामागचं एक कारण आहेच. दुसरं असं की पिकच नाही म्हटल्यावर सावकाराचं खत त्या वर्षी निकामी होतं. जगणं-मरणं सरकारी दुष्काळी कामावरच्या मजुरीवर ठरत होतं. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने ती खाली आणली, धान्याचं माप दिवसाला एक पौंडावर ठेवलं, तेव्हा हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. भुकेल्या माणसांनी संपासारखं हत्यार वापरलं, आणि या वेळी सार्वजनिक सभेचे लोक गावोगाव माहिती गोळा करून त्यांची बाजू सरकारपुढे मांडत होते. आरोपीच्या जागी आता सरकार होतं.

हा बदल शेवटपर्यंत ताणणारा माणूस पुण्यात लष्करी हिशोब खात्यात कारकून होता. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी दुष्काळी मुलूख पाहिला, रामोशी गोळा केले आणि २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर तालुक्यातल्याच धामारीवर पहिला छापा घातला. लुटलेली घरं पुन्हा मारवाड्यांची होती. पण फडक्यांना हवा होता तो पैसा, फौज उभी करून इंग्रजांचं राज्य उलथायला. गव्हर्नर टेंपलला धमकीचं पत्रही गेलं. करड्याच्या बहिष्कारामागे अख्खं गाव होतं. फडक्यांमागे गावं उभी राहिली नाहीत. सावकाराला धडा शिकवणं गावाच्या न्यायात बसत होतं, राज्य उलथणं त्या न्यायात अजून आलेलं नव्हतं. २० जुलैला फडके पकडले गेले. कोर्टात त्यांची बाजू मांडायला सार्वजनिक काका उभे राहिले, पुणेकर हळहळले. जन्मठेपेवर एडनला पाठवलेले फडके १८८३ मध्ये तिथेच वारले.

त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणं बंद झालं, खत गावच्या निबंधकापुढे लिहिणं सक्तीचं झालं, आणि खतावरचा आकडा न मानता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. जाळलेल्या कागदांची तक्रार कायद्याने अशी मान्य केली. साऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं. सावकारांनीही लवकरच वाट काढली. गहाणखत कोर्टात टिकेनासं झालं, तसे ते कर्ज देताना जमिनीचं सरळ खरेदीखतच लिहून मागू लागले.